कंपोस्टच्या पिंपाला दुर्गंधी, आत अळ्या आणि खत घातलेली रोपे पिवळी: चूक नेमकी कुठे होत असावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घराला लहानसे अंगण आहे आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, असे मी पाच महिन्यांपूर्वी ठरवले. त्यासाठी साधारण ६० लिटरची झाकणाची दोन पिंपे घेतली, त्यांच्या बाजूंना बोटभर रुंदीची भोके पाडली आणि रोजचा कचरा, म्हणजे भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, सुकलेली फुले आणि अधूनमधून उरलेले शिजवलेले अन्न, त्यात टाकू लागले. आम्ही घरात चौघे आहोत आणि कचरा दिवसाला पाऊण ते एक किलो भरतो. दर वेळी वरून मूठभर वाळलेली पाने आणि विकत आणलेली विरजणाची पूड घालते, शिवाय हवा लागावी म्हणून रोज एकदा काठीने ढवळते.

पहिले पिंप तीन महिन्यांत भरले. ते महिनाभर झाकून ठेवल्यावर वरचा भाग काळा आणि मऊ दिसू लागला, तेव्हा खत तयार झाले असे समजून त्यातले निम्मे काढले, तेवढ्याच मातीत मिसळले आणि १२ कुंड्यांत रोपे लावली. दहा-बारा दिवसांत रोपांची खालची पाने पिवळी पडली, वाढ थांबली आणि त्यांतली पाच रोपे मेली. त्याच दिवशी नुसत्या जुन्या मातीत लावलेली तशीच रोपे मात्र चांगली वाढत आहेत.

दुसऱ्या पिंपाची अवस्था आणखी वाईट आहे. झाकण उघडताच कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तळाशी तपकिरी पाणी साचते आणि आत दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या, चपट्या, मळकट रंगाच्या असंख्य अळ्या वळवळताना दिसतात. शेजाऱ्यांनी एकदा सौम्य शब्दांत तक्रार केली आहे आणि घरातील मंडळी आता हा उद्योग थांबवावा असे म्हणू लागली आहेत. विरजणाची पूड दुप्पट घालून पाहिली, फरक पडला नाही. मला हे सोडून द्यायचे नाही. माझे नेमके काय चुकते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण दिलेल्या वर्णनात उत्तर जवळजवळ सगळे आलेले आहे आणि ते "मूठभर" या एका शब्दात आहे.

आपल्या भाषेत सडणे आणि कुजणे असे दोन वेगळे शब्द आहेत आणि कंपोस्ट करणाऱ्याने तो भेद मनात पक्का ठेवावा. हवा मिळाली की ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू आणि बुरशी कचरा कुजवतात. त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर पडते आणि मागे मातीच्या वासाचे खत उरते. हवा बंद झाली की हवेविना जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि कचरा सडतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड, आंबूस उग्र वासाची आम्ले आणि मिथेन तयार होतात. कुजक्या अंड्याचा वास हा हायड्रोजन सल्फाइडचा असतो. याचा अर्थ आपल्या दुसऱ्या पिंपात आज कंपोस्ट होत नसून कचरा पाण्याखाली गुदमरतो आहे.

तो का गुदमरतो, हे साध्या हिशेबाने पाहू. भाज्या-फळांच्या कचऱ्यात वजनाने सुमारे ८० टक्के पाणी असते, तर कुजण्याची क्रिया नीट चालण्यासाठी मिश्रणात ५० ते ६० टक्के ओलावा पुरतो. त्याशिवाय सूक्ष्मजीवांना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे २५ ते ३० भाग लागतात. ओल्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण १५ ते २० असते आणि वाळलेल्या पानांत झाडाच्या जातीनुसार ४० ते ८० असते. आता एक किलो ओला कचरा घ्या. त्यात ८०० ग्रॅम पाणी आणि २०० ग्रॅमच घन पदार्थ आहे. त्यात ४०० ग्रॅम कोरडी पाने घातली, तर पाण्याचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास येते आणि कार्बन-नायट्रोजनचे प्रमाणही ३० च्या जवळ पोहोचते. हे ४०० ग्रॅम म्हणजे मूठभर नव्हेत. पाने हलकी असल्यामुळे ती चुरल्यावरही त्यांचे आकारमान ओल्या कचऱ्यापेक्षा जास्तच भरेल. रोज वजन करण्याची गरज नाही. एक डबा ओल्या कचऱ्याबरोबर त्याच डब्याने दीड ते दोन डबे सुका पाला, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पाने कमी पडत असतील तर छपाई नसलेला साधा पुठ्ठा हाताने फाडून घालावा, मात्र त्यावरील चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचा थर असलेले तुकडे आधी काढून टाकावेत. लाकडाचा भुसा चालतो, पण थोडाच घालावा, कारण त्यात नायट्रोजन फारच कमी असतो, तो लवकर दबतो आणि हवेचे मार्ग बुजवतो. प्लायवूडचा, रंगवलेल्या किंवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा कधीही घालू नये.

दुसरे पिंप आजच रिकामे करा. सगळा माल जाड कापडावर किंवा ताडपत्रीवर पसरा, साचलेले पाणी निथळू द्या आणि त्यात सुका पाला व पुठ्ठ्याचे तुकडे इतके मिसळा की मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. पिंपाच्या बुडाशी भोके नसतील तर पाडा, पिंप दोन विटांवर ठेवा आणि तळाशी १० ते १२ सेंटिमीटर जाडीचा काटक्यांचा थर द्या; त्या काटक्या कुजण्यासाठी नसून खालून हवा येण्यासाठी आहेत. मग मिश्रण भरून वर चार बोटे सुक्या पाल्याचे पांघरूण घाला. हे पांघरूण नेहमी राहिले पाहिजे. नवा कचरा टाकताना ते बाजूला सारायचे, कचरा आतल्या मिश्रणात मिसळायचा आणि पुन्हा झाकायचा. वास दोन-तीन दिवसांत उतरू लागेल.

विरजणाच्या पुडीबद्दल माझे स्पष्ट मत असे की तिने नुकसान होत नाही, पण ती नसल्यामुळे काही अडतही नाही. कचरा कुजवणारे सूक्ष्मजीव सालींवर, पानांवर आणि मातीत मुळातच असतात. सुरुवातीला ओंजळभर जुने खत किंवा झाडाखालची माती घातली की पुरते. जेथे हवाच नाही तेथे दुप्पट विरजण घालून काय होणार?

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी फक्त पिवळ्या पडलेल्या रोपांविषयी लिहितो, कारण त्या बाबतीत मी स्वतः दोन वेळा हेच नुकसान सोसले आहे आणि दुसऱ्या वेळी तर एका हंगामाची सगळी रोपे गमावली.

काळा रंग ही खत तयार झाल्याची खूण नाही. हवेविना सडलेला कचराही काळाच दिसतो. आपले खत कच्चे होते आणि कच्चे खत रोपांना अनेक बाजूंनी छळते. त्यात कुजणे अजून चालू असल्यामुळे सूक्ष्मजीव मातीतला उपलब्ध नायट्रोजन स्वतःच्या वाढीसाठी ओढून घेतात. रोप आपल्या जुन्या पानांतला नायट्रोजन काढून नव्या पानांना पुरवते, म्हणूनच आधी खालची पाने पिवळी पडली. मुळांभोवतीचा ऑक्सिजनही तेच सूक्ष्मजीव संपवतात. शिवाय हवेविना सडलेल्या मालात सेंद्रिय आम्ले आणि अमोनिया असू शकतात आणि कोवळी मुळे त्यांनी भाजून निघतात. शिजवलेल्या अन्नातील मीठ हेही एक कारण असू शकेल, कारण कचऱ्याचे आकारमान घटते पण मीठ मागेच राहते आणि खतात त्याचे प्रमाण वाढत जाते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. खत पूर्ण पिकलेले असते तरी कुंडीत निम्मे खत हे फार झाले. साधारण चौथा हिस्सा, लहान रोपांसाठी त्याहूनही थोडे कमी, एवढे पुरे. घरच्या कंपोस्टमध्ये नायट्रोजन एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि तोही सावकाश सुटतो; त्याचा मोठा उपयोग माती भुसभुशीत राखणे, पाणी धरून ठेवणे आणि मातीतले जीवन वाढवणे हा आहे. त्याला झटपट वाढीचे टॉनिक समजून जास्त घातल्याने वाढ जास्त होत नाही.

खत पिकले की नाही हे ओळखण्याच्या दोन घरगुती कसोट्या मी प्रत्येक वेळी वापरतो. पहिली म्हणजे थोडे ओलसर खत घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत भरून तीन दिवस ठेवावे आणि मग उघडून वास घ्यावा. आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर ते कच्चे आहे. पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास आला तर ते पिकत आले आहे. हा मातीचा वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो आणि तो तयार करणारे जिवाणू साधारणपणे कुजण्याच्या शेवटच्या टप्प्यात खतात जोर धरतात. दुसरी कसोटी बियांची. एका भांड्यात निम्मे खत आणि निम्मी माती, दुसऱ्यात नुसती माती घेऊन दोन्हींत मुळ्यासारखे लवकर उगवणारे दहा-दहा दाणे पेरावेत आणि आठवडाभर पाहावे. खताच्या भांड्यात उगवण कमी झाली किंवा रोपे खुरटली, तर आणखी थांबावे. वासाची कसोटी पार करणारे खतही बियांच्या कसोटीत नापास झालेले मी पाहिले आहे, त्यामुळे माझा भरवसा दुसरीवर अधिक आहे.

पहिल्या पिंपात उरलेले निम्मे खत फेकू नका. ते मोकळ्या खोक्यात किंवा सच्छिद्र पोत्यात काढा, हाताला ओलसर लागेल एवढेच पाणी शिंपडा आणि सावलीत निदान सहा ते आठ आठवडे पिकू द्या. त्यात नवा कचरा अजिबात टाकू नका; रोज नवी भर पडत राहिली तर पिंप कधीच पिकत नाही. घाईच असेल तर हे अर्धकच्चे खत मोठ्या झाडांभोवती वरवर पसरता येते, मात्र ते मातीत मिसळू नये आणि खोडापासून वीतभर दूर ठेवावे.

जगलेल्या सात रोपांना वाचवायचे असेल तर ती मुळांभोवतीची माती हलकेच झटकून साध्या मातीत हलवा आणि मूळ धरेपर्यंत सावलीत ठेवा.

एक सूचना आरोग्याविषयी. कोरडे खत चाळताना नाकातोंडावर मास्क बांधा, खतावर आधी थोडे पाणी शिंपडा आणि नंतर हात साबणाने धुवा. खताच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात, आणि लेजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू कंपोस्ट व कुंडीच्या मातीतून श्वासावाटे शरीरात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. हे क्वचित घडते, परंतु वयस्कर माणसांनी आणि दम्याच्या रुग्णांनी ही काळजी टाळू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचे मनापासून आभार. काल दुसरे पिंप रिकामे केले तेव्हा तळाशी खरोखरच चिखल होता आणि माझी भोके सगळी वरच्या निम्म्या भागातच होती, हे तेव्हा लक्षात आले. दोन पोती पाने मिसळून पुन्हा भरले आहे. आज सकाळी वास बराच कमी वाटला.

तीन शंका अजून आहेत. अळ्यांचे काय करावे? कंपोस्टचा ढीग हाताला चटका बसेल इतका तापतो असे वाचले होते, पण माझे पिंप कधी कोमटापलीकडे गेलेच नाही. ते बिघडल्याचे लक्षण आहे का? आणि "कंपोस्ट होणारी" असे छापलेल्या ज्या पिशव्या मी कचऱ्यासकट टाकल्या होत्या, त्या पाच महिन्यांनंतरही जशाच्या तशा निघाल्या, असे का व्हावे?

प्रतिसाद ३

अळ्यांच्या वर्णनावरून त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असाव्यात. घरमाशीच्या अळ्या पांढऱ्या, गुळगुळीत आणि सेंटिमीटरभर लांबीच्या असतात. आपण सांगितलेल्या अळ्या चपट्या, वळ्यावळ्यांच्या आणि मळकट आहेत. या माशीला चावता येत नाही, ती घरातल्या अन्नावर बसायला येत नाही आणि तिच्या अळ्या ओला कचरा थक्क करणाऱ्या वेगाने फस्त करतात. त्यांना मारण्यासाठी औषध फवारू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण ते औषध शेवटी आपल्याच मातीत उतरेल. त्या फार संख्येने आल्या याचा अर्थ पिंप ओले होते आणि कचरा उघडा होता. सुका पाला वाढला आणि वर पांघरूण राहिले की त्या आपोआप कमी होतात. चिलटांनाही हाच उपाय लागू पडतो. अळ्यांनी खाऊन सोडलेला माल मात्र खत समजू नका, तो पुढे पिकवावाच लागतो.

तापण्याबद्दल म्हणाल तर ६० लिटरच्या पिंपाकडून ती अपेक्षा करू नये. उष्णता सगळीकडेच निर्माण होते, पण ती धरून ठेवायला ढिगाचे अंग मोठे लागते. लांबी, रुंदी आणि उंची मीटरभर असलेला ढीग एकदम रचला तर तो ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतो. रोज थोडा-थोडा भरला जाणारा लहान डबा थंडच राहतो. त्यात काही बिघडलेले नाही, खत त्यातही होते, फक्त वेळ जास्त लागतो. फरक एवढाच की रोगजंतू आणि तणांचे बी मरण्यासाठी ५५ अंशांच्या वर काही दिवस राहावे लागते आणि ते तापमान आपल्याकडे नाही. त्यामुळे रोगट झाडांचे अवशेष, बी धरलेले तण, मांस, मासे, हाडे आणि दुग्धजन्य पदार्थ आपल्या पिंपात घालू नका. कुत्र्या-मांजरांची विष्ठा तर अजिबात नको. तिच्यातून टोक्सोकारा आणि टोक्सोप्लाझ्मा यांसारखे परजीवी भाजीपाल्याच्या मातीत पोहोचू शकतात.

पिशव्यांचे कारणही तेच. त्यांवरील प्रमाणपत्र बहुधा औद्योगिक कंपोस्टिंगसाठी असते, उदाहरणार्थ ईएन १३४३२ हे युरोपीय मानक. त्याच्या चाचण्या ५८ अंशांच्या आसपास होतात, आणि ते तापमान घरच्या पिंपात मिळत नाही म्हणून पिशवी तशीच राहते. घरगुती कंपोस्टिंगसाठी वेगळे प्रमाणपत्र असलेल्या पिशव्या असतात, पण मला विचाराल तर पिशवी वापरूच नये. झाकणाचा डबा, तळाशी कागदाचा तुकडा आणि रोज धुण्याची सवय, एवढ्याने काम भागते.

प्रतिसाद ४

एका मुद्द्यावर कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. रोज ढवळणे बंद करा. हवा हवी हे खरे, पण ती सुक्या, भरड मालामुळे आपोआप खेळली पाहिजे. ओला माल रोज काठीने ढवळला की त्याचा लगदा होतो, पोकळ्या मिटतात आणि बुरशीचे धागे तुटतात. कडक देठे आणि पाने फोडण्याचे बरेचसे काम ही बुरशीच करते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२० च्या दशकात इंदूर येथे जी पद्धत बसवली, तिच्यात तीन महिन्यांत ढीग केवळ तीन वेळा वरखाली करत असत. लहान पिंपाला आठवड्यातून एकदा, तेही तळापासून वर उचलून सैल करणे पुरेसे होते. मी स्वतः तर पंधरा दिवसांतून एकदाच करते.

सुक्या पाल्याचा साठा हा या कामातला खरा कच्चा माल आहे. ओला कचरा रोज आपसूक मिळतो, पाला मात्र झाडे पाने गाळतात तेव्हाच मिळतो. तो त्या काळात पोत्यांत भरून, पावसापासून राखून वर्षभरासाठी ठेवावा लागतो. माझ्या परिचयातील ज्या कुटुंबांनी कंपोस्ट करणे सोडले, त्यांपैकी बहुतेकांकडे पाला संपला होता. पिंप घेण्याआधी पाल्याची चार पोती भरून ठेवा, असेच मी आता प्रत्येकाला सांगते. शेजाऱ्यांना त्यांच्या अंगणातला पाला मागा. ज्यांनी तक्रार केली त्यांच्याकडे तर आवर्जून जा, पिंप उघडून दाखवा आणि वास गेल्याची खात्री त्यांनाच करू द्या.

उरलेल्या शिजवलेल्या अन्नाविषयी एक वेगळा विचार मांडते. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून गेले. कंपोस्टमुळे त्या अन्नाचे खत होते, पण ते पिकवायला लागलेले पाणी, जमीन आणि इंधन परत मिळत नाही. म्हणून माझ्या घरी पिंपाशेजारी एक वही आहे आणि शिजवलेले काही टाकावे लागले तर त्यात नोंद होते. दोन महिन्यांतच स्वयंपाकाची मापे बदलली आणि पिंपातला चिकट, खारट भागही जवळजवळ संपला.

प्रश्नकर्तीचे उत्तर, सात आठवड्यांनंतर

पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे, म्हणून लिहीत आहे. दुसऱ्या पिंपाचा वास चौथ्या दिवशी पूर्ण गेला. अळ्या तीन आठवड्यांत दिसेनाशा झाल्या. ढवळणे आठवड्यातून एकदाच करते आणि ज्या शेजाऱ्यांनी तक्रार केली होती, ते आता त्यांच्या अंगणातली पाने पोत्यात भरून आमच्या दाराशी ठेवतात. हलवलेल्या सात रोपांपैकी पाच जगली, दोन गेली.

पहिल्या पिंपातले उरलेले खत पोत्यात पिकत आहे. पिशवीच्या कसोटीत त्याला मातीचा वास आला, तेव्हा फार आनंद झाला आणि लगेच कुंड्या भरायला घेणार होते. प्रतिसाद २ मधील इशारा आठवला म्हणून आधी बिया पेरल्या. नुसत्या मातीत दहापैकी नऊ दाणे उगवले, खताच्या भांड्यात सहाच, आणि त्यांतली दोन रोपे खुरटी आहेत. पोते पुन्हा बांधून सावलीत ठेवले आहे. पुढच्या महिन्यात परत दहा दाणे पेरीन.